मातीच्या धरणाची राखण

सन २०१९ च्या जुलै महिन्याच्या २ तारखेस रात्रीं साडेनऊच्या सुमारास रत्नागिरी जिल्ह्यांत, चिपळूण तालुक्यांतील तिवरे या गांवचें मातीचें धरण फुटलें आणि त्याच्या खालच्या अंगास असलेल्या भेंदवाडींतील घरें लोंढ्याबरोबर वाहून गेलीं. वीसाहून अधिक माणसें त्या एका रात्रींत नाहींशीं झालीं. धरण फार जुनें होतें असेंहि नाहीं. तें बांधून वीस वर्षें पुरीं झालीं नव्हतीं. धरणाला गळती लागल्याची तक्रार आपण पूर्वींच केली होती, असें गांवकरी सांगत होते. पुढें थोड्याच दिवसांत, धरण खेकड्यांनीं पोखरलें, असा खुलासा राज्याच्या एका मंत्र्यानें केला, आणि त्या खुलाशाची महाराष्ट्रभर थट्टा झाली.

थट्टा होणें साहजिक होतें. परंतु मातीच्या धरणांची ज्यांना माहिती आहे त्यांना त्यांत हंसण्यासारखें फारसें कांहीं नव्हतें. खेकडे, उंदीर, घुशी, साळिंदर हे प्राणी धरणाच्या मातींत बिळें करतात, ही गोष्ट खरी आहे. मात्र कोणतेंहि बीळ एका रात्रींत धरण फोडीत नाहीं. बीळ पडतें, तें वाढतें, त्याच्या वाटेनें ओल येते, ओलीची धार होते, धार गढूळ होते. आणि या सर्व काळांत धरणावरून कोणी फिरत असेल तर त्याला तें दिसल्यावांचून रहात नाहीं. तेव्हां दोष खेकड्यांच्या माथीं मारल्यानें राखण करणाराची जबाबदारी कमी होत नाहीं. उलट ती वाढते.

तिवऱ्यासारखीं मातीचीं धरणें, पाझर तलाव आणि गांवतळीं महाराष्ट्रांत हजारोंनीं आहेत. त्यांतलीं कांहीं शतकांपूर्वींचीं आहेत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर या भागांत कोहळी लोकांनीं भातशेतीसाठीं घातलेले तलाव आजहि शेतांना पाणी पुरवितात. कांहीं तलाव १९७२ च्या दुष्काळांत आणि त्यापुढें रोजगार हमीच्या कामांवर उपाशी माणसांच्या हातांनीं उभे राहिले. शंभर हेक्टरांपर्यंत जमीन भिजविणारे तलाव बहुधा जिल्हा परिषदेकडे असतात. अशा कित्येक तलावांवर ना चौकीदार, ना रात्रीं दिवा. आणि त्यांच्या खालच्या बाजूस मात्र कोठें वाडी असते, कोठें शाळा, कोठें हमरस्ता.

मातीचें धरण म्हणजे थेंबभरहि पाणी न झिरपूं देणारी भिंत, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. ती बरोबर नाहीं. माती कितीहि कुटली, दाबली, तरी तिच्यांतून पाणी अतिशय सावकाश कां होईना, पण चालतच असतें. बांधणारा तें थांबवीत नाहीं. तो त्याला वाट आंखून देतो. धरणाच्या मध्यभागीं चिकण काळ्या मातीचा गाभा असतो, तो पाण्याचा वेग मारतो. गाभ्याखालीं जमिनींत घट्ट थर लागेपर्यंत चर खणून तोहि त्याच मातीनें भरतात, म्हणजे पाणी तळाखालून पळत नाहीं. गाभ्याच्या दोहों बाजूंस मुरूम घालून उतार दिलेले असतात. पाण्याकडील उतारावर लाटांचा मार बसूं नये म्हणून दगड बसवितात. आणि मागच्या अंगास, अगदीं पायथ्याशीं, वाळू, खडी व दगड यांची क्रमानें रचलेली गाळणी असते. झिरपून आलेलें पाणी या गाळणींतून बाहेर पडतें, माती मात्र आंतच रहाते. धरणाचें आयुष्य फार मोठ्या प्रमाणांत या गाळणीवर अवलंबून असतें, आणि बहुतेक ठिकाणीं रायमुनियेच्या जाळ्यांनीं ती इतकी झांकून गेलेली असते कीं, ती कोठें आहे हें तलावाशेजारच्या शेतकऱ्यालाहि सांगतां येत नाहीं.

यास्तव पायथ्याशीं पाणी दिसलें एवढ्यावरून घाबरून जाण्याचें कारण नाहीं, आणि पाणी दिसत नाहीं एवढ्यावरून निश्चिंत होण्याचेंहि नाहीं. गाळणी गाळानें बुजली तर तिच्यांतून येणारें पाणी बंद होतें. पण तें नाहींसें होत नाहीं, धरणाच्या अंगांत वर चढतें आणि मागच्या उताराच्या मध्यावर कोठें तरी ओल होऊन उमटतें. भर उन्हाळ्यांत सगळा उतार पिवळा पडलेला असतां मधेंच हिरव्या गवताचा एक पट्टा दिसावा, पाय टाकला तर जमीन दबावी, हें चांगलें लक्षण नव्हे. गुराखी अशा जागा बरोबर ओळखतात, कारण त्यांचीं गुरें तेथेंच चरतात. त्यांना कोणी विचारीत नाहीं, एवढेंच.

झिरपणाऱ्या पाण्याची परीक्षा करण्यास फार मोठीं साधनें लागतात असें नाहीं. कांचेची एक स्वच्छ बाटली घ्यावी, झऱ्याचें पाणी तींत भरावें आणि रात्रभर न हलवितां ठेवावी. सकाळीं तळाशीं मातीचा थर बसलेला आढळला, तर धरणाची माती पाण्याबरोबर निघूं लागली आहे असें समजावें. पाणी किती येतें हें पहावयाचें असेल तर ठराविक मापाची एक बादली पुरते. ती किती वेळांत भरते, एवढेंच मोजावयाचें. परंतु त्या आंकड्याशेजारीं त्या दिवशीं तलावांत पाणी किती होतें हेंहि टिपलेलें असावें. तलाव भरत असतांना झिरपा वाढला तर तें स्वाभाविक आहे. तलावाची पातळी आहे तेवढीच असतां झिरपा वाढूं लागला, किंवा पातळी उतरत असतांहि तो कमी होईना, तर धरणाच्या आंत कांहीं तरी बदलत आहे. ही गोष्ट नुसत्या डोळ्यांना कळत नाहीं. ती वहींत कळते. लहान तलावांवर अशी वही ठेवण्याची चाल जवळजवळ नाहीं, आणि हें वैगुण्य पैशाच्या अभावानें आलेलें आहे असें मुळींच म्हणतां येत नाहीं.

जगांत आजवर फुटलेल्या मातीच्या धरणांची जाणत्यांनीं मोजदाद केली आहे. तींत असें दिसून आलें कीं, सुमारें निम्मीं धरणें माथ्यावरून पाणी गेल्यामुळें फुटलीं, आणि जवळजवळ तितकींच आंतून पोखरलीं गेल्यामुळें. उतार घसरून किंवा भूकंपानें मोडलेलीं धरणें त्या मानानें थोडीं.

पहिला प्रकार सांडव्याचा आहे. दगडी धरणावरून पाणी गेलें तर तें बहुधा टिकतें. मातीच्या धरणावरून तासभर पाणी गेलें तरी तें मागच्या बाजूनें कापलें जातें. म्हणून पुराचें पाणी जाण्यासाठीं एका टोंकास सांडवा ठेवलेला असतो, आणि धरणाचा माथा सांडव्यापेक्षां कांहीं हात उंच असतो. ही मधली उंची म्हणजे धरणाचा श्वास होय. पण व्यवहारांत काय घडतें? पावसाळा सरत आला कीं आणखी चार दिवसांचें पाणी साठावें म्हणून सांडव्यावर वाळूचीं पोतीं रचतात, आणि परतीचा पाऊस जोरानें आला म्हणजे तीं काढावयास कोणी जात नाहीं. तलावाचा मासेमारीचा मक्ता घेणारा मासे निसटूं नयेत म्हणून सांडव्याला जाळें बांधतो. त्या जाळ्यांत पाचोळा, झुडपें, पुराबरोबर आलेलीं खोडें अडकतात आणि जाळ्याचा बांध होतो. सांडव्याच्या पुढच्या चरांत कोणी भात लावतो, कोणी विहिरीची माती टाकतो. यांतील प्रत्येकाची गरज खरी असते. परंतु सांडवा ज्या पुरासाठीं बांधला तो पूर कदाचित् वीस वर्षांनीं येतो, आणि तोंवर ही वाट मोकळी जागा आहे असेंच सर्वांना वाटूं लागतें.

माथ्याचाहि यांत भाग आहे. मातीचें धरण वर्षानुवर्षें थोडें थोडें खचत असतें. त्यावरून बैलगाड्या, ट्रॅक्टर, गुरें जाऊं लागलीं कीं कांहीं जागीं माथा आणखी खालीं बसतो. तीनशें हात लांबीच्या धरणांत दहा हातांची जागा वीतभर खालीं असेल तर धरणाची खरी उंची त्या दहा हातांची. बाकीचें सर्व धरण व्यर्थ उंच आहे. पावसाच्या सरीनंतर माथ्यावर डबकें कोठें सांचतें तें पाहिलें तर ही जागा हुडकण्यास दुर्बीण लागत नाहीं. उन्हाळ्यांत त्या जागीं तशीच माती थरांथरांनीं घालून, ओली करून, कुटून माथा सारखा करावा. वरच्यावर ढेकळें टाकून ठेवण्यापेक्षां कांहीं न केलेलें बरें.

दुसरा प्रकार, आंतून पोखरण्याचा, अधिक कपटी आहे. तो किती झपाट्यानें शेवटास जातो याचें ठळक उदाहरण परदेशांतलें आहे, पण तें मोठ्या धरणाचें असलें तरी लहानांना लागू पडतें. अमेरिकेंतील आयडाहो संस्थानांत टीटन नदीवर सुमारें ९३ मीटर उंचीचें मातीचें नवें धरण झालें होतें आणि त्यांत प्रथमच पाणी भरत होतें. १९७६ च्या जून महिन्याच्या ५ तारखेस सकाळीं त्याच्या मागच्या अंगास गढूळ पाण्याचा झरा दिसला. झऱ्याच्या तोंडाशीं माती लोटण्यासाठीं दोन बुलडोझर पाठविले. तीं दोन्ही यंत्रें त्या विवरांत गेलीं, चालक कसेबसे वांचले. दुपारचे बारा वाजण्यास तीन मिनिटें असतांना धरण फुटलें. जेथें इंजिनियर आणि यंत्रसामग्री जागेवर हजर होती, तेथें गढूळ पाणी दिसल्यापासून एक सकाळ काय ती मिळाली. खेड्यांतल्या तलावाला याहून अधिक सवड मिळेल असें धरून चालण्यास आधार नाहीं.

पोखरण्यास आरंभ कोठून होतो? प्राण्यांच्या बिळांचा उल्लेख वर आलाच आहे. त्यांच्याइतकाच अपाय झाडांपासून होतो, आणि हें लोकांना पटत नाहीं. कारण झाडांनीं माती धरून ठेवली जाते, असें शाळेपासून शिकविलेलें असतें. डोंगरउतारावर तें खरें आहे. धरणावर बाभूळ, सुबाभूळ, करंज वाढला कीं त्याचीं मुळें ओलाव्याच्या शोधांत गाभ्याकडे जातात. झाड उभें आहे तोंवर फारसें बिघडत नाहीं; तें मेलें किंवा तोडलें म्हणजे मुळें कुजतात आणि मातींत मनगटाएवढ्या पोकळ नळ्या रहातात. म्हणून रोप असतांनाच तें मुळासकट उपटावें. झाड मोठें झालेलें असेल तर नुसतें खोड कापून न जातां मुळें खणून काढून तो खड्डा चांगल्या मातीनें कुटून भरावा, आणि हें काम तलाव उतरलेला असतां करावें. धरणाला मानवतें तें हराळीसारखें बुटकें गवत. तें माती धरतें, आणि कापलेलें असलें म्हणजे त्यांतून बीळ, भेग, ओल सर्व कांहीं दिसतें. माणसाच्या कमरेइतकें तण माजलेल्या धरणाची तपासणी झाली, असें कागदावर कोणी लिहिलें तर तें खरें मानूं नये.

काळ्या मातीला भेगा पडतात हें दख्खनच्या शेतकऱ्यास सांगावयास नको. धरणाच्या लांबीशीं समांतर गेलेली भेग आणि धरणाला आडवी, पाण्याकडून मागच्या बाजूस गेलेली भेग, या दोहोंत मात्र भेद केला पाहिजे. पहिली भेगहि दुर्लक्ष करण्याजोगी नाहीं, कारण उतार घसरण्याची ती पूर्वसूचना असूं शकते; पण दुसरी म्हणजे पाण्याला आयतीच खोदून दिलेली वाट. ती दिसतांच खणून, तिचा तळ गांठून, ओली माती कुटून बुजवावी. वरून गारा ओतून तोंड बंद केलें तर भेग झांकली जाते, बुजत नाहीं.

सर्वांत नाजूक जागा धरणाच्या पोटांतून जाणाऱ्या मोरीची. शेताला पाणी सोडण्याचा हा नळ जेथून जातो तेथें त्याच्या कडेनें माती कुटणें कठीण असतें, आणि पाणी नळांतून न जातां नळाच्या बाहेरून, त्याला बिलगून, वाट काढतें. मोठ्या धरणांनाहि ही जागा घातक ठरलेली आहे. १९६१ च्या जुलै महिन्याच्या १२ तारखेस पानशेत फुटून पुण्यावर जो प्रसंग आला, त्याच्या मुळाशीं पाणी सोडण्याच्या मोरीचें अपुरें राहिलेलें काम होतें. लहान तलावांत मोरीच्या तोंडावरचें दार गंजलेलें, दांडा तुटलेला, आणि म्हणून मोरी कायमची बंद किंवा कायमची उघडी, असा देखावा पदोपदीं दिसतो. शेतकरी त्याकडे पाटाच्या पाण्याच्या दृष्टीनें पहातो. परंतु धरण धोक्यांत आल्यावर तलाव उतरविण्याचें तेंच एक साधन असतें, आणि पावसाच्या रात्रीं तें उघडलें नाहीं तर दुसरा मार्ग नाहीं.

अलीकडे आणखी एक संकट चांगल्या हेतूनें आलेलें आहे. उन्हाळ्यांत तलावांतील गाळ काढून शेतांत घालण्याची मोहीम महाराष्ट्रांत २०१७ पासून जोरांत चालली, आणि तिच्यापासून शेतांना व तलावांना लाभ झाला यांत संशय नाहीं. पण गाळ उपसणारें यंत्र धरणाच्या अगदीं पायथ्यालगत आणलें कीं, वर्षानुवर्षें सांचून तळाची गळती बंद करणारा गाळाचा थर आणि कधीं कधीं त्याखालची घट्ट मातीहि निघून जाते. धरणाच्या मागच्या बाजूनें मुरूम काढून नेणारे तर याहून वाईट. ते धरणाचा टेकूच काढून नेतात.

राखणदारी कोणाची, हा प्रश्न आतां टाळतां येत नाहीं. पूर्व विदर्भांतील तलाव मालगुजारांच्या मालकीचे होते तेव्हां मालगुजार धर्मात्मा होता अशांतला भाग नव्हे. पण तलाव फुटला तर त्याचें स्वतःचें पीक बुडे, म्हणून पावसाळ्यापूर्वीं गांव पाळीवर माती घालावयास लागे. १९५०-५१ सालीं मालगुजारी रद्द झाली, तलाव सरकारचे झाले. जुलमी पद्धत गेली तें योग्यच झालें. परंतु तिच्याबरोबर वहिवाटीची माती घालणेंहि गेलें, आणि त्याच्या जागीं दुसरें कांहीं आलें नाहीं. २०२१ सालीं धरणांच्या सुरक्षिततेसाठीं मध्यवर्ती कायदा झाला. त्या अन्वयें पावसाळ्यापूर्वीं आणि पावसाळ्यानंतर तपासणी करणें धरणाच्या मालकास बंधनकारक आहे. कायदा पंधरा मीटरांहून उंच धरणांना, आणि दहा ते पंधरा मीटरांमधल्या, कांहीं अटींत बसणाऱ्या धरणांना लागू आहे. दहा मीटरांखालचा गांवचा तलाव त्या कक्षेबाहेर राहतो. त्याच्या खालीं वाडी आहे कीं नाहीं, याची विचारणा तेथें होत नाहीं.

हें आजचेंच आहे असें नाहीं. जुनागडजवळ गिरनारच्या पायथ्याशीं सुदर्शन नांवाचें सरोवर होतें. चंद्रगुप्त मौर्याच्या राज्यपालानें तें बांधविलें, अशोकाच्या काळांत त्याला पाट काढले. इसवी सन १५० च्या सुमारास तें वादळांत फुटलें. भगदाड इतकें मोठें होतें कीं मंत्र्यांनीं दुरुस्तीस विरोध केला. शेवटीं रुद्रदामन राजानें प्रजेवर कर व वेठ न लादतां स्वतःच्या खजिन्यांतून तें बांधविलें. पांचव्या शतकांत, स्कंदगुप्ताच्या अंमलांत, तें पुन्हां फुटलें आणि पुन्हां बांधलें गेलें. हें सर्व तेथील खडकावर कोरलेलें आजहि वाचतां येतें. फुटल्याचा दिवस आहे, बांधविणारांचीं नांवें आहेत. मधल्या तीनशें वर्षांत ज्यांनीं बंधाऱ्यावरचीं रोपें उपटलीं आणि बिळें बुजविलीं त्यांचा मात्र कोठेंहि उल्लेख नाहीं.

गढूळ झरा प्रत्यक्ष दिसलाच तर काय करावें, हेंहि गांवांतल्या चार माणसांना आधींच ठाऊक असलें पाहिजे. पहिली गोष्ट, खालच्या वस्तीला त्याच क्षणीं हलवावें. धरण वांचलें तर माणसें सकाळीं परत येतील. दुसरी, मोरी उघडून तलाव उतरवावयास लागावें. मात्र तो एकदम रिकामा केला तर पाण्याकडचा भिजलेला उतार घसरतो, यासाठीं जाणत्या अधिकाऱ्यास तत्काळ कळवावें. तिसरी गोष्ट झऱ्याची, आणि येथेंच बहुधा चूक होते. झऱ्याच्या तोंडांत माती कोंबून तें बंद करूं नये. बंद केलेलें पाणी शेजारीं दुसरें तोंड करतें आणि अधिक माती घेऊन निघतें. तोंडावर आधीं जाड वाळू, तिच्यावर खडी, तिच्यावर दगड, या क्रमानें घालीत जावें, म्हणजे पाणी वाहेल पण माती अडेल. वाळू वाहून जात असेल तर भोंवतीं पोत्यांचें कडें करून त्यांत पाणी चढूं द्यावें, जोर मोडतो, आणि मग वाळू टिकते. यासाठीं लागणारी वाळू आणि खडी आषाढांतल्या रात्रीं कोठून आणणार? ती वैशाखांतच धरणाच्या टोंकाशीं ढीग करून ठेवावी लागते. दोन ब्रास वाळू, दोन ब्रास खडी, शंभर रिकामीं पोतीं, चार फावडीं आणि एक कंदील, एवढ्याची तरतूद कोणत्याहि ग्रामपंचायतीच्या आवांक्यांतील आहे. ती वाळू घरबांधणीसाठीं कोणी उचलून नेणार नाहीं, एवढी नजर मात्र ठेवावी लागेल.